मुगाची बेवड, सोयाबीनची बेवड

मुगाच्या रानात पुढे पेरलेली ज्वारी किंवा गहू जोमाने येतो, हा मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचा जुना अनुभव. आधीच्या पिकाच्या या परिणामाला ते बेवड म्हणतात. बेवडीत जमिनीच्या पोताचा आणि रोग-किडींचाही भाग असतो. पण तृणधान्यासाठी त्यातला मोठा भाग नत्राचा असतो आणि तो बऱ्याच अंशी रानात राहिलेल्या पाला, काडी व मुळांतून मिळतो.

अवशेषांतला नत्र प्रथिनांत बांधलेला असतो. पिकाला तो तसाच उचलता येत नाही. जिवाणू आणि बुरशी अवशेष कुजवतात तेव्हा त्यातून अमोनियम सुटते. नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर यांसारखे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि गव्हाची मुळे मुख्यतः हे नायट्रेट घेतात. यासाठी ओल, ऊब आणि हवा लागते. कोरड्या मातीवर पडलेले ज्वारीचे धसकट महिनोन्‌महिने तसेच राहते.

कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःच्या वाढीसाठीही नत्र लागतो. वाळलेल्या अवशेषात कर्ब सुमारे 40 टक्के असतो. फरक पडतो तो नत्रात. शेंगा तोडलेल्या हिरव्या मुगात नत्र दीड ते दोन टक्के, सोयाबीनच्या पक्व भुसकटात एक टक्का किंवा कमी, गव्हाच्या काडात अर्धा टक्का. म्हणजे गव्हाच्या काडात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे 80 भाग पडतात. हे प्रमाण 20 ते 25 च्या खाली असले की जिवाणूंची गरज भागून नत्र पिकासाठी सुटतो. ते त्याच्या बरेच वर गेले की जिवाणू मातीतला उपलब्ध नत्रही ओढून घेतात आणि पीक काही आठवडे उपाशी राहते.

प्रस्तुत लेखकाच्या शेतात एका हंगामात हे डोळ्यांदेखत घडले. विहिरीखालच्या एकाच काळ्या रानात निम्मा मूग आणि निम्मे सोयाबीन होते. शेंगा तोडून झाल्यावर मुगाची हिरवी झाडे गाडली गेली. सोयाबीनचे भुसकट मळणीनंतर रानभर पसरून रोटाव्हेटरने मिसळले आणि आठवड्याच्या आत दोन्हीकडे गहू पेरला. बियाणे, खत, पाणी सारखेच होते. तिसऱ्या आठवड्यात सोयाबीनकडचा गहू फिकट पडला, खालची पाने टोकाकडून पिवळी झाली, फुटवेही कमी आले. दोन पट्ट्यांची सीमा बांधावरून दिसत होती. आधी रोगाची शंका आली. माती उकरल्यावर मात्र बुरशीने पांढरे झालेले, अर्धेही न कुजलेले भुसकट हाती आले. पाण्यासोबत युरियाचा हप्ता दिल्यावर रंग परतला. चुकलेले फुटवे परतले नाहीत.

सोयाबीन द्विदल असूनही असे का व्हावे? मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंनी हवेतून घेतलेला बराचसा नत्र दाण्यात जातो. दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिने, म्हणजे सहा टक्क्यांहून अधिक नत्र. दहा क्विंटल सोयाबीनबरोबर साठ किलोंवर नत्र रानाबाहेर जातो. मागे उरतात गळलेली पाने, मुळे आणि कडक काडी. द्विदल पीक जमीन नत्राने भरून ठेवते, हा समज म्हणून सोयाबीनला सरसकट लागू पडत नाही. मुगाच्या बेवडीतही आणखी एक गोष्ट असते: मूग स्वतःची गरज बरीचशी हवेतून भागवत असल्याने मातीतले नायट्रेट पुढच्या पिकासाठी शिल्लक राहते.

पहिल्या वर्षी अवशेषांतला किती नत्र गव्हापर्यंत पोहोचतो? बहुधा दहा ते वीस टक्केच. उरलेला सेंद्रिय पदार्थात साठतो आणि पुढे वर्षानुवर्षे थोडा थोडा सुटतो. काही वाया जातो. हिरवा पाला फार लवकर कुजला आणि परतीचा पाऊस जोराचा झाला, तर नायट्रेट मुळांच्या आवाक्याखाली वाहून जाते. अवशेष पेटवले तर बहुतेक सगळा नत्र धुरात जातो. पेटवण्याने होणारे हे नुकसान टाळणे पूर्णपणे शेतकऱ्याच्या हातात आहे.

कडक भुसकट पेरणीच्या किमान महिनाभर आधी ओलीत गाडावे, किंवा मातीत न मिसळता आच्छादन म्हणून पृष्ठभागावर ठेवावे. आधी गाडणे जमलेच नाही, तर गव्हाच्या नत्राचा पहिला हप्ता पेरणीबरोबरच थोडा वाढवून द्यावा.