माऊसचा बाण आणि अब्बांचा हिशेब

संगणकाच्या पडद्यावरचा माऊसचा बाण आपण दिवसभर हलवतो, पण त्याच्याकडे बघत नाही. तो दिसेनासा झाला की मगच त्याची आठवण होते. आमच्या घरात तो अब्बांना दिसेनासा झाला.

अब्बांना काचबिंदू आहे. या आजारात बहुधा कडेची नजर आधी जाते. समोरचं अक्षर वाचता येतं, पण बाजूला काय आहे ते कळत नाही. डोळ्यांत थेंब घालून आजाराला आवर घालता येतो, गेलेली नजर मात्र परत येत नाही. निवृत्तीनंतर अब्बा जमातीचा हिशेब संगणकावर ठेवतात. इमामसाहेबांचा पगार, मशिदीचं वीजबिल, मय्यतीचा खर्च, जकातीची वेगळी नोंद. लिब्रेऑफिसचं पान पांढरं आणि त्यावर फिरणारा इवलासा बाणही पांढरा. "तीर कुठं गेला रे?" म्हणत ते माऊस गोल गोल फिरवायचे. रमजान जवळ आला तेव्हा एक दिवस म्हणाले, "हिशेब आता दुसऱ्या कुणाकडे द्या."

घरात सगळ्यांनी मान हलवली. वय झालं, आराम करा, हे म्हणायला सोपं असतं. मला पटेना. आकडे त्यांना दिसत होते, बेरीज बरोबर येत होती. सापडत नव्हता तो फक्त बाण.

आमच्या जुन्या संगणकावर लिनक्स मिंट आहे, त्यातही हलकं एक्सएफसीई. त्यात 'माऊस अँड टचपॅड' उघडलं की 'थीम' नावाचा भाग येतो. तिथे बाणांचे वेगवेगळे संच दिसतात आणि शेजारी आकाराचा आकडा. तो 24 होता. मी काळ्या रंगाचा, पांढऱ्या कडेचा संच निवडला आणि आकडा 48 केला. एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. संचात ज्या मापांची चित्रं असतात, त्यांतलंच जवळचं माप संगणक उचलतो. संचात लहानच चित्र असेल तर मोठा आकडा लिहून बाण मोठा होत नाही. म्हणून मोठी मापं असलेला संच शोधायचा, त्याचं फोल्डर घरच्या फोल्डरमधल्या '.आयकॉन्स'मध्ये ठेवायचं, की तो यादीत दिसू लागतो. उघडे असलेले प्रोग्रॅम कधी कधी जुनाच बाण दाखवत राहतात. एकदा लॉग आउट करून परत आलं की सगळीकडे नवा बाण येतो.

त्या फोल्डरमध्ये डोकावलं तर आत निव्वळ चित्रं आहेत. बाण, हात, मजकुरावरची उभी रेघ, वाट पाहायला लावणारं घड्याळ. सोबत एका लहानशा फाईलमध्ये लिहिलेलं असतं की एखादं चित्र या संचात नसेल तर ते कोणत्या दुसऱ्या संचातून घ्यायचं. हे सगळं कुणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं, परवान्याच्या अटी पाळून दुसऱ्याला देता येतं. पूर्वी लिनक्सवरचे हे बाण दोनच रंगांचे असत. कीथ पॅकार्ड यांनी एक्सकर्सर लिहिलं आणि 2003 मध्ये एक्सफ्री86 च्या 4.3 आवृत्तीबरोबर ते आलं, तेव्हापासून रंगीत, सावलीचे बाण आणि असे संच रुळले. बाण मोठा करण्याची सोय विंडोजमध्येही आहे. पण आमच्या जुन्या यंत्रावर एक पैसा न घालवता हे झालं, याचं मला अप्रूप आहे.

अब्बांनी माऊस हलवला आणि म्हणाले, "हा दिसतो." बस, एवढंच. त्या रमजानचा हिशेब त्यांनीच पुरा केला आणि जुम्याच्या नमाजनंतर त्यांनीच वाचून दाखवला. काचबिंदू आहे तिथेच आहे, थेंबही चालू आहेत. उद्या नजर आणखी कमी झाली तर हा बाणही पुरणार नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही.

तरी एक विचार मनातून जात नाही. संगणक घरी येतो तेव्हा त्याची प्रत्येक गोष्ट कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेली असते. 24 हा आकडा चांगल्या नजरेच्या माणसासाठी ठरलेला. ज्याला तो पुरत नाही, त्याला वाटतं आपल्यातच खोट आहे. आपल्या लोकांना हा अनुभव वेगळ्या वाटेने येतो. नाव सांगितलं की समोरचा मराठीतून एकदम हिंदीत शिरतो. बहुतेकदा त्याच्या मनात वाईट काही नसतं. मुसलमान म्हणजे काय, याचं त्याच्याकडे एक ठरलेलं माप असतं, एवढंच. आपण आपल्या मराठीत बोलत राहायचं. दोन वाक्यांनंतर तोही मराठीत येतो.

तुमच्या घरातलं कुणी वडीलधारं संगणक सोडून देत असेल, तर आधी त्याच्या शेजारी बसून बघा की नेमकं काय दिसत नाही. बाण असेल तर काम पाच मिनिटांचं आहे. आणि तो शोधताना दमलेल्या माणसाला "आता तुम्हाला जमायचं नाही" असं तेवढं म्हणू नका.