गरम पाण्याची धार

विहिरीवरचे ऑइल इंजिन हा काय दिवाळी अंकात लिहायचा विषय आहे, असे आमच्या घरातच मला विचारण्यात आले. चकली-करंजीच्या ताटाशेजारी डिझेलचा वास कोणाला रुचणार? पण ज्यांचे आजोळ यावल-रावेरकडे होते, त्यांच्या कानांत ती 'टुक् टुक् टुक्' अजून घुमत असेल. आणि आज मला इंजिनाविषयी म्हणून सांगायचेच नाही. इंजिनाच्या बगलेतून निघणाऱ्या एका करंगळीएवढ्या धारेविषयी सांगायचे आहे.

आम्ही धुळ्याचे. आमच्या गावात गल्ल्यांना नावे नाहीत, नंबर आहेत, त्यामुळे शिस्तीचा आम्हांला थोडा अभिमान. मे महिना लागला की पारोळा-एरंडोलवरून एस.टी.ने जळगाव, तिथून भुसावळ, मग तापी ओलांडून यावल तालुक्यातला मामांचा मळा. मळा म्हणजे केळी. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून केळीच्या वाघिणी दिल्लीला जात आणि त्या वाघिणींवर निम्म्या गावाची लग्ने ठरत. पण भुसावळकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर चढला की केळीला दुसरे काही नको, फक्त पाणी हवे. निसवणीच्या वेळी दोन-तीन पाळ्या चुकल्या तर घड भरत नाही. वर्षाची कमाई गेलीच म्हणून समजा.

मोटेचे दिवस सरत आले होते. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 साली सुरू झाली. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने तर 1930 नंतरच्या दशकातच डिझेल इंजिने बनवायला घेतली होती. हळूहळू खानदेशातल्या विहिरींवरून बैलांची धाव ओस पडली आणि पट्ट्याची फटफट सुरू झाली. मामांचे इंजिन कोणत्या कारखान्याचे होते ते सांगत नाही. उगीच कोणाला वाईट वाटायचे.

आता ती धार. इंजिनात जळणाची जेवढी उष्णता निघते, तिच्यातला ढोबळ मानाने तिसरा हिस्सा कामाला येतो, तिसरा धुराड्यातून जातो आणि उरलेला बराचसा पाण्याला वाहून न्यावा लागतो. त्यासाठी सिलिंडरभोवती पाण्याची पोकळी असते. कोणी शेजारी पिंप ठेवून तेच पाणी फिरवीत. बहुतेक शेतकरी मात्र पंपाच्या मोठ्या नळाला एक बारीक नळी जोडून विहिरीचे ताजे पाणी इंजिनात खालून सोडीत. ते वरून गरम होऊन बाहेर पडे आणि पाटाला मिळे. म्हणजे इंजिन पंपाला फिरवणार आणि पंप इंजिनाला निववणार. आंधळ्या-पांगळ्याचीच जोडी ती! विहिरीचे पाणी खाली गेले, फूटव्हॉल्व्ह उघडा पडला, पंपाने हवा ओढली, की इकडे केळीचे पाणी बंद आणि तिकडे इंजिनाचेही. दोघेही एकदमच बसायचे.

पंपाची ग्रीस लावलेली ग्लँडची दोरी मामा स्वतः भरीत. ती थेंब थेंब गळली पाहिजे, असे ते म्हणत. पाणी वाया जाते म्हणून नट आवळणाऱ्या शेजाऱ्याची दोरी जळाली आणि दांड्याला चरे पडले, ते त्यांनी मला नेऊन दाखवले होते. पुढे 1980 नंतर जळगावचे नाव ठिबक सिंचनासाठी गाजले तेव्हा मला ती ग्लँडच आधी आठवली.

धारेवर मात्र मामींचे राज्य होते. ती ज्या दगडावर पडे, त्यावर मामी धुणे धूत. विहिरीचे पाणी इतके जड की साबणाला फेस म्हणून येत नसे; इंजिनातून आलेल्या पाण्यात मात्र येई. मामी म्हणत, ''इंजिन पाण्याला मऊ करते.'' मला ते बायकी भाबडेपण वाटे. पुढे शाळेत रसायनशास्त्र शिकताना कळले की पाणी तापले म्हणजे त्यातल्या चुन्याचा काही भाग खाली बसतो. साबणाला जो चुना आडवा यायचा, तो इंजिनाच्या पोटात राहत होता. फेस फुकट मिळत नव्हता.

1967 च्या मे महिन्यातली गोष्ट. मामा सोसायटीच्या कर्जाच्या कामाने जळगावला गेले होते. बाग ऐन निसवणीत. मामी धुण्याला बसल्या होत्या आणि मी पिळे वाळत घालत होते. एकाएकी त्यांनी हात मागे घेतला. धार बारीक झाली होती आणि पाणी कढत येत होते. पंप तर नेहमीसारखा चालू होता, पाटही भरून वाहत होता. दुसऱ्या कोणाला काही बिघडले आहे असे वाटलेही नसते. मामी ओल्या हातांनीच उठल्या, शेडमध्ये गेल्या आणि दांडा ओढून त्यांनी इंजिन बंद केले. तोवर धारेच्या जागी नुसती वाफ फुसफुसत होती.

सालदार धावत आला. त्याने बादली भरून उचललीच होती. मामी माहेरच्या अहिराणीत ओरडल्या, ''भाऊ, पानी टाकू नका! फुटी जाई!'' तापलेल्या बिडावर गार पाणी पडले की हेडला तडा जातो, हे त्यांना कोणी शिकवले होते कोण जाणे. चुलीवरच्या तापल्या तव्याने शिकवले असेल. बादली खाली ठेवली गेली. मग तासभर आम्ही सगळे त्या लोखंडाभोवती आजाऱ्याभोवती बसावे तसे बसलो होतो. मामी मधूनमधून चक्र हाताने थोडे फिरवून पाहत. ते फिरत होते. दट्ट्या धरला गेला नव्हता.

संध्याकाळी फैजपूरहून सायकलवर मिस्त्री आला. त्याने दुसऱ्या दिवशी हेड उतरवले. आतल्या पोकळीला रुपयाच्या नाण्याएवढा जाड पांढरा थर बसला होता आणि त्याचाच एक टवका सुटून बाहेरच्या वाटेत अडकला होता. त्याने पाणी मिसळलेले तेजाब आत सोडले. सोडावॉटरसारखा फेस उसळला. मग सोड्याच्या पाण्याने आणि नंतर साध्या पाण्याने धुऊन काढले. हे सांगायला एक ओळ लागली. करायला दोन दिवस गेले. ते दोन दिवस मामा शेजारच्या विहिरीवरून रात्रीचे पाणी मागून घेत होते आणि घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. खोडे वाचली. घड थोडे बारीक आले, पण वाघीण भरली.

जाताना मिस्त्रीने एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. गार इंजिन म्हणजे चांगले इंजिन नव्हे. तोटी पूर्ण सोडून पाणी अगदी थंडगार बाहेर काढले तर डिझेल नीट जळत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतो. धार हाताला चांगली गरम लागावी, पण हात मागे घ्यावा लागू नये. मामा म्हणाले, ''म्हणजे हिच्या धुण्याचे पाणी!'' मामी काही बोलल्या नाहीत. तोटी किती उघडायची ते मात्र त्या दिवसापासून त्याच ठरवू लागल्या.

काही वर्षांनी वीज आली, मोटर बसली. मोटरला बटण असते, धार नसते. इंजिन भंगारात गेले आणि मामींना धुण्याचे पाणी चुलीवर तापवावे लागू लागले.

1979 साली मामा-मामी माझ्याकडे मुंबईला आले. गेटवेहून आम्ही लाँचने घारापुरीला निघालो. सगळे ताजमहाल हॉटेलकडे बघत होते. मामी वाकून लाँचच्या कुशीतून पडणारी धार बघत होत्या. तांडेलाने मोठ्या कौतुकाने समजावले: हे इंजिन समुद्राचेच पाणी पिते. पितळी डबीत रबरी पाकळ्यांचे चाक फिरते आणि पाणी ओढून आत ढकलते. ते कोरडे फिरले तर थोड्याच वेळात पाकळ्या जळतात, आणि एखादी तुटली तर तिचे सगळे तुकडे शोधून काढावे लागतात, नाहीतर ते पुढे कुठेतरी वाट अडवतात. शिवाय खारे पाणी फार तापू द्यायचे नाही, नाहीतर आत मिठाचे आणि चुन्याचे थर बसतात.

मामींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ''मग या पाण्यात साबणाला फेस येतो का हो?''

तांडेल हसला आणि म्हणाला, ''नाही हो बाई.''

''मग काय उपयोग!'' म्हणून मामी घारापुरीकडे तोंड करून बसल्या.