राखून ठेवलेली ताकद

सिकंदराबादच्या राणीगंजात गाडी म्हणजे बेअरिंगं, क्लचप्लेटी आणि रबरी बुशांच्या माळा. हात काळे झाल्याशिवाय तिथं काही दुरुस्त होत नाही. त्याच शहरातल्या एका गल्लीत मात्र भाच्याच्या डिझेल गाडीचं बॉनेट उघडलं ते फक्त बॅटरीला चार्जर लावायला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात वायर गेली आणि लॅपटॉपवर गाडीच्या संगणकातले आकड्यांचे तक्ते उभे राहिले. आडवे इंजिनाचे फेरे, उभा पेडलचा दाब. दोन्ही जिथं भेटतात त्या चौकोनात डिझेल किती द्यायचं याचा हिशेब. टर्बोचा तक्ता वेगळा, टॉर्कच्या मर्यादेचा वेगळा. ट्यूनिंगवाल्या पोरानं मूळ फाइल आधी जपून ठेवली, मग निवडक चौकोन थोडे थोडे वाढवले. नवी फाइल चढत असताना भाच्याचा हात एसीकडे गेला. ‘नक्को भाई, कुछ बी नक्को छुओ!’ मधेच व्होल्टेज पडलं, तर गाडी जागची हलायची नाही.

हे वाढीव बळ इंजिनात आधीपासूनच असतं. पुण्याजवळच्या रांजणगावात बनणारं फियाटचं दोन लिटरचं मल्टिजेट इंजिन जीप कंपासमध्ये १७३ पीएस द्यायचं. २०१९ साली टाटा हॅरियरमध्ये तेच १४० वर आलं आणि पुढच्याच वर्षी त्याच हॅरियरमध्ये १७० वर गेलं.

कंपनी हात राखून देते, कारण तिला मालक ठाऊक नसतो. हीच गाडी लेहच्या विरळ हवेत चढणार, मे महिन्यात सिकंदराबादच्या पॅराडाइज सिग्नलला तापणार, भेसळीचं डिझेल पिणार, सर्व्हिसिंग चुकवणाऱ्याच्याही हाती पडणार. या साऱ्या अनोळखी माणसांसाठी चौकोनाचौकोनात थोडी शिल्लक असते. ट्यूनर ती एकाच माणसाच्या नावावर करतो.

त्यातलं सुख मी नाकारत नाही. आउटर रिंग रोडवर ट्रकला मागे टाकताना गाडी अशी झेपावली, की माझीही पाठ सीटला चिकटली. पाय दाबल्यावर क्षणभर विचारात पडायची तिची जुनी खोड गेली होती.

पण वाढलेला भार क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्सलाच मुकाट उचलायचा असतो. वॉरंटी हात वर करते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात परस्पर फेरफार करू देत नाही. आणि हवेच्या मानानं डिझेल जास्त झालं, की काळा धूर मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात.

म्हणून ट्यूनर ओळखावा तो त्यानं कुठं हात आवरला यावरून. ‘अजून थोडं?’ असं भाच्यानं विचारलं, तेव्हा त्या पोरानं एका तक्त्यावर बोट ठेवलं. ‘इसके आगे धुआँ मारती.’ भाचा हिरमुसला. मागच्या स्कूटरवाल्याला त्या पोरानं कधी पाहिलंही नसेल, तरी त्याच्या वाटची शिल्लक त्यानं सोडली होती. पैसे देताना मी घासाघीस केली नाही.