वयाचा हिशेब

भंडाऱ्यात पहाटे रस्त्यावर धावणारा पोरगा सैन्याची तयारी करतोय की पोलीस भरतीची, हे नुसतं पाहून कळत नाही. दोन्हीकडे सोळाशे मीटर. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मीही त्या घोळक्यात होतो, आणि कोणी विचारलं तर ‘भरतीची तयारी करून राहिलो’ एवढंच सांगायचो. कुठल्या भरतीची, हे माझं मलाच पक्कं ठाऊक नव्हतं.

२०२४च्या फेब्रुवारीत अग्निवीरचे, म्हणजे सैन्यातल्या चार वर्षांच्या भरतीचे, फॉर्म निघाले तेव्हा ते ठरवावं लागलं. वयाची अट साडेसतरा ते एकवीस. मी त्यात बसत होतो, पण शेवटच्याच वेळी. बारावीनंतर गेलेल्या पोरांना तीन-चार वेळा प्रयत्न करता येतो. पदवी पूर्ण करणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम एक येतो.

बाबांनी उन्हाळी धानाला पाणी सोडता सोडता हिशेब मांडला. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले नऊ हजार कापून निधीत, हातात एकवीस. चार वर्षांनी व्याजासह सुमारे पावणेबारा लाख. कायम होणार शंभरातले पंचवीस. “अन् बाकीचे पंच्याहत्तर?” त्यांनी विचारलं. “पंचविसाव्या वर्षी पुन्हा याच रस्त्यावर धावशील का, बाबू?”

मला वर्दी हवी होती, याबद्दल शंका नव्हती. कॉलेजात तीन वर्षं एनसीसी केली होती. ‘सी’ प्रमाणपत्र ‘बी’ श्रेणीत आणि पदवीला पन्नास टक्के असले, तर ‘शॉर्ट सर्व्हिस’चा, म्हणजे ठरावीक मुदतीचा, अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षा न देता एनसीसी विशेष प्रवेशातून अर्ज करता येतो, हे एनसीसीच्या सरांनी सांगितलं होतं. अर्जांतून निवडलेल्यांना थेट सेवा निवड मंडळाची (एसएसबी) पाच दिवसांची मुलाखत, वय पंचवीसपर्यंत. संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेचा (सीडीएस) मार्ग वेगळा. तिथे लेखी आहे, पेपर इंग्रजी-हिंदीत. त्याची मोफत तयारी राज्य सरकारच्या नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात होते आणि चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची असते. पहाटे सोबत धावणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत होतं.

एका मित्राने लगेच खोट काढली, “शॉर्ट सर्व्हिसही दहा वर्षांचीच. पेन्शन तिथेही नाही.” खरं आहे. पण लेफ्टनंटचं मूळ वेतनच ५६,१०० पासून सुरू होतं, दहाची चौदा वर्षं करता येतात, आणि कायम कमिशन मागायची सोय असते. मुख्य म्हणजे तिथे माझी पदवी मोजली जाते. अग्निवीर जनरल ड्युटीला दहावी पुरते. मग ही तीन वर्षं कशासाठी घालवली?

मी अग्निवीरचा फॉर्म भरला नाही. सोबतच्या दोघांनी भरला, आणि त्यांचंही चुकलं असं मला वाटत नाही. एकाच्या घरी शेत नाही, बहिणीचं लग्न तोंडावर आहे. त्याला एकवीस हजार आजच हवे आहेत. माझ्या घरी दोन एकर धान आहे, त्यामुळे मला थांबणं परवडतं. सैन्यात जाण्याची हौस त्याची-माझी सारखीच होती, थांबण्याची ऐपत तेवढी वेगळी.

एसएसबीला पंचवीसपर्यंत वेळ आहे. तिथे नाही जमलं तर पोलीस भरतीला खुल्या गटातही अठ्ठावीसपर्यंत. धावणं तोवर चालूच राहील.