गोजिरा राक्षस

आमच्या वर्गात मला एक नाव पडलं आहे : ‘गोडझिला’. माझा देह पाहाल तर हे नाव ऐकून तुम्हाला हसू येईल. अंगावर मांस म्हणून नाही, आणि आवाज तर असा की हजेरीच्या वेळी ‘हजर’ म्हटलेलं पुढच्या बाकालाही ऐकू जात नाही. तरी हे नाव मला चिकटलं, ते माझ्याच तोंडामुळे.

प्रथम वर्षाला असताना सरांनी एकदा तास थांबवून प्रत्येकाला विचारलं, “तुम्हाला आतून हलवून गेलेली एक कलाकृती सांगा.” कुणी कादंबरीचं नाव घेतलं, कुणी नाटकाचं. एका मुलीने तर अशा चित्रकाराचं नाव घेतलं की ते लिहून घ्यायलाही मला जमलं नाही. माझी पाळी जवळ येऊ लागली तसे माझे कान तापू लागले. आमच्या घरात पुस्तकं म्हणजे माझी शाळेची, आणि भिंतीवरचं कॅलेंडर. आमच्या कुळात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. थाप मारता आली असती. ऐकलेलं एखादं नाव ठोकून देता आलं असतं. पण उभा राहिलो आणि खरं ते बोलून गेलो, “सर, गोडझिला.”

वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, “का, ते लिहून आण.”

ते लिहून न्यायला मला वर्ष लागलं. हा लेख म्हणजे तो उशिरा दिलेला गृहपाठ आहे.

सिनेमा मी मोबाईलवर पाहिला. २०२० साली शाळा मोबाईलवर भरू लागली, तेव्हा बाबांनी उसनवारी करून तो आणला होता. बाबा कळमन्याच्या बाजारात हमाली करीत. धान्याची पोती पाठीवर घेताना न डगमगणारा तो माणूस, पण तो चार बोटांचा डबा हातात धरताना त्यांचे हात कापायचे. “पडंन बिडंन,” म्हणायचे. पुढे तो माझ्याच हातून पडला. काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. त्या तड्यातूनच मी तो जुना, काळापांढरा जपानी सिनेमा पाहिला. खाली इंग्रजी अक्षरं धावत होती. निम्मी कळत, निम्म्यांसाठी सिनेमा थांबवून शब्द शोधावे लागत. दीड तासाच्या सिनेमाला मला दोन रात्री लागल्या.

पाहायला बसलो तो हसण्यासाठी. आणि हसलोही. राक्षसाच्या कातड्यात माणूस आहे हे लपत नाही. तो ज्या इमारती पाडतो त्या खेळण्यातल्या आहेत, हेही लपत नाही. पण मग एक दृश्य आलं. शहर पेटलेलं आहे आणि एका भिंतीच्या आडोशाला एक बाई आपली लेकरं पोटाशी धरून बसली आहे. ती त्यांना पळा म्हणत नाही. आता आपण तुमच्या बाबांकडे जाणार, असं ती त्यांना समजावते. बाबा आधीच गेलेले आहेत. मी सिनेमा थांबवला. त्या रात्री पुढे पाहणं झालं नाही.

जपानी लोक या राक्षसाला काय म्हणतात, ठाऊक आहे? गोजिरा! ‘गोरिला’ आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा, हे दोन शब्द जोडून त्यांनी ते नाव केलं. आपल्याकडे गोजिरं म्हणजे लोभस बाळ; त्यांच्याकडे पन्नास मीटर उंचीचं अक्राळविक्राळ जनावर. योगायोगच हा. पण मला वाटतं, मराठी माणसाने या योगायोगाकडे नुसतं हसून पाहू नये. का, ते पुढे सांगतो.

सिनेमा पडद्यावर आला ३ नोव्हेंबर १९५४ ला. दिग्दर्शक इशिरो होंडा. हा माणूस युद्धात सैनिक होता आणि युद्ध संपल्यावर मायदेशी परतताना त्याने हिरोशिमा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच १९५४ सालच्या १ मार्चला अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. दूर समुद्रात एक जपानी मासेमारी बोट होती. तेवीस खलाशी तिच्यावर होते. त्यांच्या अंगावर पांढरी राख पडू लागली. ती काय आहे हे त्यांना कसं कळावं? सगळे आजारी पडले, आणि बोटीवरचा वायरलेस सांभाळणारा आयकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये मरण पावला. सिनेमाची सुरुवात समुद्रात अचानक पेटून बुडणाऱ्या एका बोटीने होते. जपानी प्रेक्षकाला ती कुठली बोट हे सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांनी अमेरिकेत हाच सिनेमा कापूनकुपून, मध्ये एक अमेरिकन बातमीदार घालून दाखवला, तेव्हा बॉम्बबद्दलचं बरंचसं बोलणं गळलं होतं. घाव घालणाऱ्याला घावाची गोष्ट पुरी ऐकवत नसावी.

हे सगळं मी नंतर वाचलं. वाचता वाचता एका तपशिलाशी येऊन थबकलो. त्या राक्षसाचा पोशाख कसा केला होता? बांबूच्या बारीक कामट्या आणि तार यांचा सांगाडा, त्यावर जाळी, आणि वरून रबराचे थर. पोशाख एवढा जड आणि कोंदट की आत शिरणारा नट, हारुओ नाकाजिमा, काही मिनिटांतच घामाने निथळून बेजार होई.

बांबूच्या कामट्या! मी उठून बसलो. अहो, हा तर आमच्या इतवारीतला उद्योग!

नागपूरच्या वाचकाला मारबत सांगणे म्हणजे संत्री विकणाऱ्याला संत्रं दाखवणे. तरी आमच्या कॉलेजात बाहेरगावची मुलं आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडी नंदी सजवून मिरवतात, आणि त्याच दिवशी शहरातून दोन प्रचंड बायका निघतात, काळी मारबत आणि पिवळी मारबत. कामट्यांचा सांगाडा, कागद, कापड, रंग. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. काळीचा संबंध लोक इंग्रजांना जाऊन मिळालेल्या भोसल्यांच्या बाकाबाईशी लावतात, कुणी मारबतीत पूतना मावशी पाहतात. पिवळीला मात्र बायका हात जोडतात आणि तान्ही लेकरं तिच्या पायाशी घालतात. मागून बडगे चालतात : महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी जे जे लोकांच्या उरावर बसलं असेल त्याचा बडग्या. लोक बेंबीच्या देठापासून ओरडून मारबतीला सांगतात, की ईडापीडा, रोगराई, खोकला, सारं सारं घेऊन जा. आणि मग तिला जाळतात.

जिला भ्यायचं, तिलाच हात जोडायचे, आणि तिलाच जाळायचं. राक्षस आणि गोजिरा एकाच देहात. मग त्या जपानी नावात वावगं काय आहे?

लहानपणी मी मारबत पाहिली ती बाबांच्या खांद्यावरून. त्या दिवशी ते कामाला जात नसत. “रोज पोते उचलतो, आज पोरगं उचलतो,” म्हणायचे. त्या उंचीवरून मला मारबतीचे डोळे दिसत. मी भिऊन त्यांचे केस घट्ट धरी. खालून ते ओरडत, “खोकला घेऊन जाय गे!” धान्याच्या धुळीने त्यांना बारमाही खोकला असे. म्हणून ते त्याचंच नाव सर्वांत मोठ्याने घेत, आणि ओरडता ओरडता त्यांना खोकल्याचीच ढास लागे. मग आम्ही दोघंही हसत सुटायचो.

एप्रिल २०२१ मध्ये बाबांना खोकला झाला, तो नेहमीचा नव्हता. मी नववीत होतो. दवाखान्याच्या दारातून त्यांना आत नेलं, तेव्हा त्यांनी मागे वळून मला हाताने ‘जा’ म्हणून खूण केली. आठव्या दिवशी फोन आला, या तडा गेलेल्या मोबाईलवरच. घाटावर आम्हाला दूर उभं केलं. पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी नेलं. ते बाबा होते, हे आम्ही त्यांच्या सांगण्यावरून मानलं. खांदा द्यायला मिळाला नाही. ज्यांनी मला इतकी वर्षं खांद्यावर घेतलं, त्यांना मी एक पाऊलभरही घेऊ शकलो नाही. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली होती. त्यांचा दोष नाही, तेही भ्यालेले होते.

आई त्यानंतर रडली नाही. ती एका मेसमध्ये पोळ्या लाटते. तेराव्यानंतर ती पोळ्या लाटायला गेली, आणि लाटतच राहिली. मारबतीच्या दिवशी मात्र घराबाहेर पडायची नाही. ढोलाचा आवाज आला की खिडकी लावून घ्यायची.

आता मला सरांच्या ‘का’चं उत्तर द्यायचं आहे. जो रोग बाबांना घेऊन गेला त्याला तोंड नव्हतं, डोळे नव्हते. ओरडायचं कुणावर? धोंडा मारायचा कुणाला? त्या तेवीस खलाशांवर पडलेल्या राखेतलं विषही तसंच. त्याला ना वास, ना आवाज. ज्याला देह नाही त्याची भीती माणसाला एकट्याने, अंथरुणात, अंधारात सोसावी लागते. होंडाने त्या भीतीला पन्नास मीटरचा देह दिला, पाय दिले, शेपूट दिली. हमरस्त्यावर आणून उभं केलं, आणि एका अख्ख्या देशाला अंधाऱ्या थिएटरात शेजारी शेजारी बसवून ती दाखवली. आमच्या तेल्या-विणकरांच्या नागपूरने ते काम त्याच्या सत्तर वर्षं आधीपासून कामट्या आणि कागदाने चालवलं होतं. लोक म्हणतात, राक्षसांचे सिनेमे पोरखेळ आहेत. असतील. पण तान्हा पोळाही पोरांचाच सण आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री मी तो सिनेमा पुन्हा लावला होता. आई मेसवरून आली आणि शेजारी टेकली.

“हे काय होय रे?”

“जपानची मारबत आहे आई.”

ती हसेल असं वाटलं होतं. ती पाहू लागली. मी अक्षरं वाचून तिला सांगत गेलो. ती लेकरं कवटाळून बसलेली बाई आली, तेव्हा मी मुद्दाम गप्प राहिलो. आईने विचारलं नाही. तिला भाषेची गरज पडली नाही. पदर तोंडाला लावून ती बसून राहिली, आणि चार वर्षांनी मी तिचे खांदे हलताना पाहिले.

शेवटी सेरिझावा नावाचा शास्त्रज्ञ एक भयंकर अस्त्र घेऊन समुद्रात उतरतो. त्या अस्त्राचे कागद त्याने आधीच जाळलेले असतात, आणि ते पुन्हा कुणाला करता येऊ नये म्हणून तो राक्षसाबरोबर स्वतःही मरतो. राक्षस संपतो. पण बोटीवरचा म्हातारा प्राध्यापक खिन्नच असतो.

“मेला ना तो? मंग त्या बुढ्याचं तोंड काऊन उतरलं?” आईने विचारलं.

मी सांगितलं, “तो म्हणतो, बॉम्ब फोडत राहाल तर असा दुसरा येईल.”

“येईनच ना,” आई डोळे पुसत म्हणाली. “मारबत काय एकदा जाळली का झालं? दरसाल बनवाच लागते.”

मी जे वर्षभर पुस्तकांत शोधत होतो ते तिने लाटणं ठेवावं तितक्या सहज ठेवून दिलं. तिला ठाऊक नव्हतं, पण जपान्यांनीही दरसाल नसली तरी दर पिढीला आपली मारबत नव्याने बनवली आहे. १९७१ मध्ये तिथे कारखान्यांच्या घाणीतून वाढलेला हेडोरा नावाचा राक्षस आला. २०११ चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाचा अपघात झाल्यावर, २०१६ मध्ये, गोजिरा नव्या रूपात आला आणि सरकारी बैठका संपेपर्यंत अर्धं शहर तुडवून मोकळा झाला. २०२३ मधल्या सिनेमात तो युद्धातून जिवंत परतल्याची लाज वाटणाऱ्या एका वैमानिकासमोर उभा राहतो. त्या सिनेमाला पुढच्या वर्षी ऑस्करही मिळालं. राक्षस तोच, त्याच्या पोटात घातलेली भीती तेवढी दरवेळी नवी.

गेल्या तान्ह्या पोळ्याला सकाळीच आईने पायात चपला घातल्या. कुठे, असं मी विचारलं नाही. इतवारीत आम्ही गर्दीच्या कडेला उभे राहिलो. पिवळी मारबत आली. सभोवताली आरोळ्या उठल्या. आईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मारबत अगदी समोर आली, आणि एकदम ती ओरडली, “खोकला घेऊन जाय गे!”

बाबांचाच सूर, बाबांचाच शब्द. आणि मग मीही ओरडलो. हजेरीला ज्याचा आवाज पुढच्या बाकाला ऐकू जात नाही, त्याचा आवाज त्या दिवशी चांगला दूरवर गेला असावा, कारण पुढच्या माणसाने दचकून मागे वळून पाहिलं.