घोडा बापाचा

बोहारीण दारात बसली की आई साडीचा काठ न् काठ उलगडून दाखवायची आणि ती बाई तोंड वाकडं करून एक लहानसं पातेलं पुढे सरकवायची. लंडनच्या गल्ल्यांतही असा व्यवहार चाले. घोडागाडीवाला चिंध्या, हाडं, मोडकं लोखंड न्यायचा आणि बदल्यात कधी कपबशी, तर कधी पोरांच्या हाती पाण्यातला सोनेरी मासा द्यायचा. चिंध्यांचा कागद होई, हाडांचा सरस.

या धंद्यातले बापलेक म्हणजे बीबीसीच्या ‘स्टेपटो अँड सन’ या विनोदी मालिकेतले अल्बर्ट आणि हॅरल्ड. पत्ता शेफर्ड्‌स बुशमधली ऑइल ड्रम लेन, घोड्याचं नाव हर्क्युलीस. मुलगा चाळिशीकडे झुकलेला, बिनलग्नाचा. त्याला पुस्तकं, संगीत, चार सुसंस्कृत माणसं हवीत. म्हाताऱ्याला हवा फक्त मुलगा, पण तो हे कबूल करणार नाही. हॅरल्डनं दाराकडे पाऊल टाकलं की म्हाताऱ्याच्या छातीत नेमकी कळ येते. अशी कळ मी आमच्या नात्यातही पाहिली आहे.

रे गॅल्टन आणि अॅलन सिम्पसन हे मालिकेचे लेखक एकमेकांना भेटले तेच क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममध्ये, कोवळ्या वयात. तिथे दिवस कंठलेल्यांना दोन माणसं एका खोलीत अडकली की काय काय होतं ते कुणी शिकवायला नको. त्यांनी विनोदी नटांऐवजी अभिनेते घेतले. हॅरी एच. कॉर्बेट जोन लिटलवुडच्या नाट्यसंस्थेत घडलेला. बाप झालेला विल्फ्रिड ब्रॅम्बेल त्याच्याहून जेमतेम तेरा वर्षांनी मोठा, पण बोळक्या तोंडानं असा काही हसायचा की वय विचारायची हिंमत होऊ नये. हॅरल्डचं पालुपद ‘घाणेरडा म्हातारा’. म्हणूनच बीटल्सच्या १९६४च्या सिनेमात ब्रॅम्बेल आजोबा झाला, तेव्हा सगळे त्याला ‘किती स्वच्छ म्हातारा’ म्हणत राहतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये निवडणूक होती. मजूर पक्षाच्या नेत्याला धास्ती पडली, की आपले मतदार संध्याकाळी स्टेपटो बघत घरीच बसतील. त्यानं बीबीसीला गळ घातली आणि मतदान संपेपर्यंत त्या संध्याकाळचा भाग पुढे ढकलला गेला. पक्ष जिंकला, चार जागांच्या बहुमतानं. नेत्याचं नाव हॅरल्ड विल्सन. हा हॅरल्ड निदान घराबाहेर पडू शकला.

आमचा हॅरल्ड १९७२च्या एका भागात घराची वाटणी करतो. भिंत भावाभावांत पडते हे आपण ऐकलेलं, इथे बापलेकात पडते. घराच्या मधोमध आडभिंत, दारात नाणं टाकून फिरवायचा अडसर, टीव्हीचा पडदासुद्धा अर्धा याचा, अर्धा त्याचा. त्याच सुमाराच्या दुसऱ्या भागात तुरुंगातून पळालेले दोन कैदी या घरात लपायला येतात आणि इथलं दारिद्र्य पाहून त्यांना तुरुंग बरा वाटू लागतो. हा भाग पुन्हा लावला की मला हसू येत नाही. कैद्यांना निदान परतीची वाट ठाऊक आहे.

भंगाराची गोष्टही भंगारात जायची वेळ आली होती. सत्तरच्या दशकातले बरेच रंगीत भाग बीबीसीनं फितींवरून पुसून टाकले. लेखकांनी स्वतःपुरत्या उतरवून घेतलेल्या कृष्णधवल फिती मागे राहिल्या, म्हणून त्यांतले बहुतेक आज दिसतात तरी.

सगळ्यात लख्ख दिसतो मला जानेवारी १९६२चा पहिला भाग, ‘द ऑफर’. हॅरल्डला कुठूनतरी दुसऱ्या कामाचं बोलावणं आलंय. तो आपलं किडूकमिडूक गाडीवर चढवतो. पण घोडा बापाचा, आणि बाप घोडा द्यायला तयार नाही. मग हॅरल्ड स्वतःच गाडीच्या दांड्या धरतो, टाचा रोवतो, ओढतो. गाडी तसूभर हलत नाही. मला आधी हसू येतं. मग लक्षात येतं, हा बाप्या खरोखर रडतोय. म्हातारा हळूच त्याच्याजवळ येतो, आवाज मऊ करून त्याला घरात घेऊन जातो.

गाडी अंगणात तशीच, सामान चढवलेलं.