सामना होण्यापूर्वीं

सामना पाहण्यांत सुख आहे याविषयीं मतभेद होईल असें वाटत नाहीं. परंतु सामन्याची वाट पाहण्यांत जें सुख आहे, त्याची नोंद आमच्या वाङ्मयांत फारशी कोणीं घेतलेली मला आढळली नाहीं. इंग्रज निबंधकार हॅझलिट यानें १८२२ सालीं मुष्टियुद्धावर एक निबंध लिहिला. त्यांत प्रत्यक्ष झुंज उगवते ती बऱ्याच उशिरानें. तोंपर्यंत गाडी कशी चुकली, वाटेंत सोबत कोणाची मिळाली, खाणावळींत रात्र कशी जागून काढली, याचेंच वर्णन तो मोठ्या चवीनें करीत असतो. हा निबंध मी पुष्कळ वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहें. विद्यार्थ्यांना तो लांबट वाटतो. त्यांनीं शिमग्याच्या दिवसांत एकदां आरे-वारे येथें यावें, म्हणजे लेखकानें उगाच पाल्हाळ लावलें नव्हतें हें त्यांच्या ध्यानांत येईल.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्यास समुद्राकांठच्या रस्त्यानें जाऊं लागलें कीं वाटेंत एक डोंगर लागतो. त्याच्या माथ्यावर उभें राहिलें म्हणजे दोन्ही अंगांस दोन पुळणी दिसतात, आणि मधें हा डोंगर समुद्रांत पाय सोडून बसलेला असतो. एका बाजूस आरे, दुसऱ्या बाजूस वारे. प्रवासी येथें मोटारी थांबवितात, छायाचित्रें घेतात, आणि दोन्ही गांवांना मिळून एकच नांव देऊन पुढें निघून जातात. गांवच्या माणसाला हा समास मनापासून मान्य नाहीं. तो द्वंद्व समास आहे, एवढें तो कबूल करील. आणि द्वंद्व या शब्दाचा दुसरा अर्थ त्याच्या मनांतून कधींच जात नाहीं. मी स्वतः कोणत्या बाजूचा हें येथें सांगत नाहीं, कारण हा मजकूर दोन्हीकडे वाचला जाईल. ज्या बाजूस माझें वडिलोपार्जित घर आहे ती अलीकडची आणि दुसरी पलीकडची, एवढी खूण पुरे.

तर होळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारीं रात्रीं, पालखी घरोघर फिरून सहाणेवर येऊन बसली म्हणजे, अलीकडच्यांचा आणि पलीकडच्यांचा कबड्डीचा सामना व्हावयाचा आहे. आज त्याला अकरा दिवस उरले आहेत.

माझ्या वडिलांच्या तोंडीं कबड्डी हा शब्द नव्हता. ते हुतूतूच म्हणत. त्यांच्या लहानपणीं संजीवनी, गामिनी आणि अमर असे या खेळाचे तीन प्रकार होते. संजीवनींत बाद झालेला गडी, आपल्या बाजूनें विरुद्ध पक्षाचा एक गडी बाद केला कीं पुन्हा उठे. गामिनींत सगळा डाव संपेपर्यंत त्याला बाहेर बसावें लागे. आणि अमरमध्यें तो मरतच नसे, केवळ गुण मोजले जात. आज जगभर जो खेळ चालतो तो संजीवनीवरूनच आलेला आहे, आणि एवढें एक नांव तरी टिकावयास हवें होतें असें मला नेहमीं वाटतें. नियम १९२३ सालीं छापले गेले आणि त्याच सालीं बडोद्यास त्यांप्रमाणें अखिल भारतीय सामने झाले. १९३६ मध्यें अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं हा खेळ युरोपियनांना करून दाखविला. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई सामन्यांत त्याला स्थान मिळालें, आणि २०१४ पासून व्यावसायिक संघांचे सामने दूरचित्रवाणीवर दिसूं लागल्यावर तर आमच्या आळींतील म्हाताऱ्याहि ‘सुपर टॅकल’ हा शब्द उच्चारूं लागल्या. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतां चढाई करणाऱ्यास पकडलें, तर एकाऐवजीं दोन गुण मिळतात, त्याला हें नांव. नांव परकें असलें तरी कल्पना चांगली आहे. हरत आलेल्या पक्षाला धीर देणारे नियम खेळांत थोडेच असतात.

२०२३ सालीं हांगझोउ येथें भारत व इराण यांच्या अंतिम सामन्यांत एका चढाईच्या गुणांवरून असा वाद पेटला कीं, शेवटचें दीडएक मिनिट उरलें असतां खेळ जवळजवळ तासभर बंद पडला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. आमच्या गांवीं ही बातमी कोणालाच नवलाची वाटली नाहीं. आमच्या मैदानावर असा तंटा दरवर्षीं होतो, फक्त त्याला तासभर पुरत नाहीं. मी गेलीं सव्वीस वर्षें या सामन्याचा गुणलेखक आहें. प्राध्यापक असल्यामुळें मी नि:पक्षपाती असणार अशी पलीकडच्यांची समजूत आहे, आणि ती खरी ठरविण्याकरितां मला दरवर्षीं जो मानसिक व्यायाम होतो तो गड्यांच्या व्यायामाहून कमी नसावा. ओठ मिटून, मान खालीं घालून, विरुद्ध पक्षाच्या खात्यांत लोणाचे दोन जादा गुण मांडणें हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं.

मैदान अजून मातीचेंच आहे. मोठ्या स्पर्धा आतां गादीवर, पायांत बूट घालून होतात; तेथें पाय घसरत नाहीं, गुडघे सोलवटत नाहींत, आणि चढाईची गति वाढते. माझी त्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु मातीवरच्या खेळाचें शास्त्र निराळें. तांबडी माती चाळून, पाणी मारून, चोपून घेतात. ती फार ओली राहिली तर घोटा धरणाऱ्याचा हात निसटतो, आणि फार सुकली तर चढाई करणाऱ्याचा पाय. सामन्याच्या दिवशीं माती कोणीं व किती शिंपावी यावरून उभय पक्षांत जी वाटाघाट चालते ती ऐकली, तर संधिविग्रहाचें राजकारण म्हणजे काय हें विद्यार्थ्यांस वेगळें शिकवावें लागणार नाहीं.

आतां पक्षांच्या बलाबलाकडे वळूं. पलीकडच्यांची सारी मदार दोन चढाई करणाऱ्यांवर आहे. एक उंच आणि लांब पायांचा. तो स्पर्शाच्या फंदांत सहसा पडत नाहीं. उजव्या कोपऱ्याकडे झुकतो, हूल देतो, आणि पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकून मागचा क्षणभर उचलतो. एक गुण झाला कीं हसत परत जातो. असे पांच-सहा गुण गतवर्षीं त्यानें आमच्या डोळ्यांदेखत नेले. दुसरा बुटका, पण दमाचा. तीस सेकंदांतलीं पहिलीं वीस तो नुसता फिरण्यांत घालवितो, आणि समोरच्याचा धीर सुटला कीं आंत शिरतो. त्यांचा बचाव मात्र सातांचा असेपर्यंतच चांगला. चार उरले म्हणजे ते एकमेकांचे हात सोडतात, आणि मग त्यांच्यावर लोण चढविणें फारसें कठीण राहत नाहीं.

आमचें बळ उलट बचावांत आहे. डाव्या कोपऱ्यांत जो उभा राहतो तो एरवीं होडीवर जाळें ओढतो. त्याच्या पंजांत एकदां घोटा सांपडला कीं सुटत नाहीं. मीं सव्वीस वर्षांत त्याच्या हातून सुटलेले चढाईवाले मोजले आहेत, ते दोन्ही हातांच्या बोटांत मावतात. त्याचें वय आतां चाळिशीला टेकलें आहे. उजव्या कोपऱ्यांत त्याचाच पुतण्या. मधली साखळी बरी आहे. परंतु चढाई? आमचा चढाई करणारा एकच, आणि तो मुंबईस नोकरीला. पलीकडच्या उंच गड्याला बोनस देऊं नये, त्याऐवजीं त्याला मोकळें अंगण दाखवून आंत ओढावें, असें माझें मत मीं आमच्या कर्णधाराला दोनदां सांगितलें आहे. तो ‘होय सर’ म्हणतो. होय सर म्हणणाऱ्यांचा अनुभव मला वर्गांत पुष्कळ आहे.

अडचण निराळीच आहे, आणि ती डावपेंचांनीं सुटण्यासारखी नाहीं. आमच्या पक्षांत या क्षणीं गांवांत राहणारे चारच गडी आहेत. उरलेले तिघे मुंबईहून यावयाचे. दोघांनीं तिकिटें काढलीं आहेत; चढाईवाल्याची रजा अद्याप मंजूर झालेली नाहीं. तो न आला तर सहा जण खेळतील. सहांवरहि बोनस मिळतोच, म्हणून उंच गड्याला चिंता नाहीं. आमचा आणखी एक बाद झाला, तर मात्र उरलेल्या पांचांसमोर बोनस बंद होतो. पांच गडी उरण्यांत समाधान मानावें असा हा हिशेब आहे, आणि तो मी रोज संध्याकाळीं ओसरीवर बसून मांडतों. राखीव गडी एकहि नाहीं. पलीकडे आठ आहेत, म्हणजे त्यांच्या सुबत्तेलाहि एकाच माणसाचा आधार आहे.

हें असें कां झालें, याचें उत्तर खानेसुमारींत आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं १६ लाख ९६ हजारांवर होती. २०११ सालीं ती १६ लाख १५ हजारांवर आली. देश वाढत असतां हा जिल्हा घटला. त्याच खानेसुमारींत दर हजार पुरुषांमागें येथें ११२२ स्त्रिया आढळल्या. म्हणजे पुरुष कोठें तरी गेलेले होते. कोठें, हें सांगावयास नको. शंभराहून अधिक वर्षें येथला तरुण मुंबईच्या गिरण्यांकडे जात होता, आणि जातांना हुतूतू बरोबर नेत होता. लालबाग-परळच्या चाळींमागें जे आखाडे आणि जीं मैदानें गाजलीं, त्यांत कोंकणच्या पोरांचा घाम थोडाथोडका नाहीं. १९८२ च्या जानेवारींत सुमारें अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी माणसें गांवीं परतलीं नाहींत. तीं पनवेलकडे, विरारकडे पसरलीं. पूर्वीं चांगला गडी मुंबईस गेला तर तेथें कबड्डीच्या जोरावर रेल्वेंत, बँकेंत, पोलिसांत त्याला नोकरी मिळे, आणि शिमग्याला तो नवे डाव शिकून येई. आतां जातो तो मुख्यत्वें कामाकरितां, आणि येतो तो थकून.

या स्थितींत गेल्या दिवाळींत डोंगराच्या माथ्यावर, म्हणजे कोणाच्याच हद्दींत नाहीं अशा जागीं, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची बैठक झाली. पुढल्या वर्षापासून दोन्ही पक्ष मोडून एकच करावा, आणि त्यानें तालुक्याच्या स्पर्धांत उतरावें, असें ठरलें. मीहि तेथें होतों. विरोध करण्याजोगें एकहि कारण कोणाला सांपडलें नाहीं. पलीकडचे दोन चढाईवाले आणि आमचे दोन कोपरे एकत्र आले तर तालुक्यांत आम्हांस तोंड देणारे फार निघणार नाहींत, हें तर शेंबड्या पोरालाहि कळतें.

ऑस्ट्रेलियांत फुटबॉलचा एक स्थानिक प्रकार आहे. त्याचे नियम मेलबर्न शहरीं १८५९ सालीं लिहिले गेले. क्रिकेटच्या लंबवर्तुळाकार मैदानावर, लांबट चेंडूनें, एकेका बाजूस अठरा गडी घेऊन तो खेळतात, आणि सप्टेंबरच्या शेवटीं होणाऱ्या त्यांच्या अंतिम सामन्याकरितां तेथील लोक महिनोन्महिने अगोदर बोलत असतात. माझा एक विद्यार्थी त्या देशीं स्थायिक झाला आहे. त्यानें मला पत्रांतून कळविलें कीं, आंतल्या गहूं पिकविणाऱ्या प्रदेशांत शेतें मोठीं होत गेलीं, माणसें उठून शहरांत गेलीं, आणि अठरा गडी जमेनात म्हणून शेजारशेजारच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैरी गांवांनीं आपापले संघ जोडून टाकले. जोडलेल्या संघाच्या नांवांत दोन्ही गांवांचीं नांवें ठेवतात. पोशाखांत दोन्हींचे रंग. मी त्याला उलट लिहिलें कीं, आमच्याकडे सातच लागतात आणि तरी तीच गत. मात्र जोडनांव शोधण्याची आम्हांस तसदी नाहीं, तें प्रवाशांनीं केव्हांच देऊन ठेविलें आहे.

त्यानें एक प्रश्न विचारला होता, तो मात्र मीं अनुत्तरित ठेविला: जुने लोक त्या जोडसंघाचे सामने पाहावयास येतात का? त्याच्याकडे कांहीं येतात, कांहीं येत नाहींत. येथें काय होईल तें पुढल्या शिमग्याला दिसेल. आमचा डाव्या कोपऱ्यांतला होडीवाला आणि पलीकडचा तो उंच गडी यांनीं बारा वर्षें एकमेकांचा घोटा आणि एकमेकांची हूल यांचा अभ्यास केला आहे. गांवांत इतका एकनिष्ठ अभ्यास दुसऱ्या कोणीं कशाचा केला असेल असें मला वाटत नाहीं. पुढल्या वर्षीं ते एकाच बाजूला उभे राहणार. त्या अभ्यासाचें मग काय करावयाचें, हें बैठकींत कोणीं विचारलें नाहीं, आणि मीहि विचारलें नाहीं. त्या सभेंत तो विषय शोभला नसता.

म्हणून या शनिवारचा सामना आम्हीं जिंकावा अशी माझी इच्छा आहे. उभय पक्षांच्या आजवरच्या विजयांची बेरीज माझ्या वह्यांत आहे: सव्वीस सामन्यांत अलीकडचे तेरा, पलीकडचे तेरा. हा आंकडा मीं अजून कोणाला सांगितलेला नाहीं. माझा तर्क असा कीं, चढाईवाला आला तर आम्ही तीन-चार गुणांनीं पुढें राहूं. न आला तर मध्यंतरापूर्वींच आमच्यावर एक लोण चढेल, आणि पुढचीं वीस मिनिटें त्या होडीवाल्याच्या एका पंजावर काढावीं लागतील. काल त्याला बंदरावर भेटलों तेव्हां तो जाळें शिवीत बसला होता. मीं विचारलें, “पंजा कसा आहे?” त्यानें सुई खालीं ठेवून हात उघडून दाखविला आणि म्हणाला, “सर, वही नवी आणा. गेल्या वर्षीं शेवटचीं दोन पानें पुरलीं नव्हतीं.”

वही आणली आहे. चढाईवाल्याच्या रजेचा निकाल सोमवारीं लागणार, असें त्याच्या घरीं कळलें.